बळ्ळारीला एकटी

बंगळूरहून परत आल्यापासून इचलकरंजीत जो भेटतो तो तिथल्या हवेबद्दल विचारतो. हवा चांगली आहे. पंखा लागत नाही, सकाळी अंगावर काहीतरी घ्यावं लागतं, आणि रस्त्याकडेची झाडं अजून तोडून संपलेली नाहीत. हवेचं एवढंच. मी तिथे गेले होते ते एका बाईचे चार तास परत मिळवायला. ते मिळाले नाहीत. ते का मिळाले नाहीत आणि त्यात माझा हात किती, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

माझे वडील यंत्रमाग कामगारांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. आमच्या घरी देव्हारा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. मी वाचायला शिकले ती त्यांवर. आता आम्ही तिघी मैत्रिणी मिळून छोट्या पुस्तिका काढतो: ज्यांची नावं शाळेच्या पुस्तकात येत नाहीत अशा बायकांच्या. बंगळूरच्या सुभद्राबाई राव या त्यांतल्याच. साठ वर्षांपूर्वी तिथल्या एका खासगी फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकलेली पहिली मुलगी. फोनवर त्या म्हणाल्या होत्या, "पुस्तक नंतर लिही. आधी ये. मला एक काम करून पायजे. कागदाचं काम हाय, तुला जमंल."

यशवंतपूर

गाडी सकाळी यशवंतपूरला पोचली. पहिल्या रिक्षावाल्यानं मीटर टाकायला नकार दिला. तत्त्वाचा प्रश्न म्हणून मी चालत निघाले. अर्धा तास कांद्याच्या पोत्यांमधून आणि उलट्या लागलेल्या ट्रकांमधून हिंडले, पत्ता चुकले, आणि शेवटी ज्या रिक्षात बसले त्यानं पहिल्यापेक्षा जास्त घेतले.

अक्का (तिथे सगळे त्यांना अक्काच म्हणतात) घाऊक बाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहतात. साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर खाली आलेलं त्यांचं घराणं. मराठी घरातच उरली आहे, आणि त्या मराठीत निम्मी कानडी येऊन बसली आहे. वय ब्याऐंशी. बाहेरचा उभा जिना कठड्याला हात न लावता चढतात.

"बा पोरी. बस. स्वल्प कॉफी घे."

मी भिंतींवर नजर फिरवली. कॅलेंडर, घड्याळ, धुतलेल्या साड्यांची दोरी. विमानाचा एकही फोटो नव्हता. मी विचारलं.

"मी विमानात असताना खालून फोटो कोण काढणार?" अक्का म्हणाल्या. "फोटो काढायला जमिनीवर उभं राहावं लागतं. तेवढा वेळ नव्हता मला."

दुपारी त्यांनी रागी मुद्दे केले. नाचणीचा उकडलेला काळपट गोळा, पातळ आमटीत बुडवून खायचा. मी चावायला लागले तसं तो टाळूला चिकटला. अक्का हसू दाबून बघत होत्या. "चावायचं न्हाई गं. ते गिळायचं. इथं आलीस तर गिळायला शिक." आमच्याकडे नाचणीची भाकरी आजारी माणसाला देतात. इथे ती अंगमेहनतीच्या माणसाचं रोजचं जेवण आहे, आणि तासाभरानं मला कळलं की संध्याकाळपर्यंत भूक लागणार नाही.

जेवणानंतर त्यांनी लोखंडी कपाटातून एक लांबट वही काढली. प्रत्येक वैमानिकाकडे अशी वही असते. कोणतं विमान, कुठून कुठे, किती वेळ, बरोबर कोण, हे ज्याचं त्यानं लिहायचं, आणि शेवटच्या रकान्यात शिक्षकानं खरं आहे म्हणून सही करायची. अक्कांनी एका ओळीवर बोट ठेवलं. पुष्पक जातीचं दोन आसनांचं विमान. बंगळूर ते बळ्ळारी आणि परत. चार तास. बरोबर: शिक्षक.

"हे खोटं हाय," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी एकटी होते."

"मग हे लिहिलं कुणी? हे अक्षर कुणाचं?"

"माझंच."

त्यांचे शिक्षक म्हणजे एक कॅप्टन, मूळचे पुण्याचे. त्यांचं नाव घालू नकोस, असं अक्कांनी मला तेव्हाच बजावलं आणि नंतर पुन्हा दोनदा बजावलं, म्हणून मी ते घालत नाही. मुलीला लांबच्या प्रवासाला एकटी सोडायचं नाही असा क्लबाचा नियम होता. त्या दिवशी कॅप्टन बरोबर जाणार होते. पण रेसचा दिवस होता. धावपट्टीच्या टोकाशी ते विमानातून उतरले, म्हणाले, "जा, तुला येतं," आणि घोड्यांकडे गेले. अक्का बळ्ळारीला जाऊन आल्या. परत आल्यावर आनंदानं वही उघडून बसल्या तर कॅप्टन म्हणाले, 'शिक्षकासह' असं लिही, नाहीतर आपण दोघंही बाहेर. पुढच्या महिन्यात क्लबाची परवानगी काढून तुला रीतसर एकटीला पाठवतो.

पुढचा महिना आला नाही. कधी विमान दुरुस्तीला असायचं, कधी पाऊस, कधी एखाद्या मुलाची पाळी आधी. विमान कंपनीच्या परवान्यासाठी एकटीनं केलेला लांबचा प्रवास नोंदीत असावा लागतो. तो त्यांच्या नोंदीत नव्हता. पायलट होण्याऐवजी अक्कांनी त्याच क्लबात सव्वीस वर्षं मुलांना नकाशा आणि दिशा शिकवल्या, फळ्यावर. त्यांनी शिकवलेली मुलं जग फिरली.

आता क्लब बंद झाला आहे. जुन्या सभासदांचा एक ट्रस्ट आहे, त्याच्याकडे सगळी कागदपत्रं आहेत. येत्या रविवारी ट्रस्ट अक्कांचा सत्कार करणार होता आणि एका पितळी पाटीवर त्यांचं नाव कोरणार होता: पहिली विद्यार्थिनी आणि आदरणीय शिक्षिका.

"मला शाल नको," अक्का म्हणाल्या. "तो एक शब्द बदलून पायजे. एकटी. तेवढंच."

त्यांनी ट्रस्टच्या सेक्रेटरीला आधीच विचारलं होतं. मी स्वतः त्याला फोन लावला. तो गोड बोलला. "मॅडम, आम्हालाही आनंदच आहे. पण अक्षर त्यांचंच आहे ना? कॅप्टनसाहेबांचं पत्र आणा, लगेच दुरुस्त करतो. पाटीसुद्धा बदलू."

कॅप्टन हयात होते. एक्क्याण्णव वर्षांचे, शहरातच. अक्कांनी साठ वर्षांत त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. एकटीनं जायला त्यांना लाज वाटत होती, म्हणून मला बोलावलं होतं.

महादेवपुरा

दुसऱ्या दिवशी आम्ही बसनं कॅप्टनकडे निघालो. तिथे साध्या बसमध्ये राज्यातल्या बायकांना भाडं पडत नाही, आणि अक्कांबरोबर म्हणून मलाही पडलं नाही. कंडक्टर तिकीट देतो, त्यावर शून्य लिहिलेलं असतं. आमच्या एसटीत अर्धं तिकीट घेऊन आपण सरकारचे उपकार मानतो. इथे शेजारी बसलेली फुलवाली ते शून्याचं तिकीट घडी करून कमरेला खोचत होती. मला ते फार आवडलं. दोन तास आम्ही त्या शून्यावर शहर ओलांडत होतो. पुढेपुढे काचेच्या इमारती सुरू झाल्या, गळ्यात ओळखपत्रं घातलेली आपल्याकडची पोरं रस्त्याच्या कडेला डबे खाताना दिसू लागली.

महादेवपुऱ्यात जिथे धावपट्टी होती तिथे आता घरांची बंदिस्त वसाहत आहे. वसाहतीचं नाव 'द रनवे'. दारावरचा रखवालदार फोनमध्ये बघून आत सोडतो. आत गेल्यावर अक्का थांबल्या. त्यांनी सूर्य बघितला, तळं कुठल्या अंगाला आहे ते बघितलं, आणि पोहण्याच्या तलावापासून कचऱ्याच्या डब्यांपर्यंत हातानं एक रेघ ओढली. "ही पट्टी. इथून चाक उचलायचं. त्या घराशी आपण वर असायचो." त्या घराच्या गच्चीवर कुणाची तरी जीन्स वाळत होती.

कॅप्टन आता याच वसाहतीत नातवाबरोबर राहत होते. ते व्हरांड्यात बसले होते. इस्त्रीचा पायजमा, खिशाला पेन.

"सुभद्रा! अजून सरळ चालतेस की गं!"

"तुम्हीच शिकवलंत ना सर. नाक क्षितिजावर ठेव म्हणून."

त्यांनी बाकरवडी मागवली, मला इचलकरंजीच्या मागांबद्दल विचारलं, माझ्या वडिलांचं वय विचारलं. मी चिडून गेले होते आणि मला ते आवडायला लागले होते, याचाही राग येत होता. अक्का विषय काढेनात म्हणून मीच काढला. कॅप्टन जराही दचकले नाहीत.

"हो, ती एकटीच गेली होती. माझा घोडा तिसरा आला त्या दिवशी. बळ्ळारीहून ट्रंक कॉल आला तेव्हा मी शर्यतीच्या मैदानात होतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पण बाई, तिला विमान कुणी दिलं? त्या क्लबात दुसऱ्या कुणी मुलीला पंख्याला हात तरी लावू दिला असता?"

मी अक्कांकडे बघितलं. "नाही," अक्का म्हणाल्या. "तुम्हीच दिलंत."

"मग?"

"मग ते दिलंत असं लिहून द्या, सर."

मग कॅप्टन हसले. "घे. देतो. मला आता कुणाची भीती?" अक्कांनी पिशवीतून कोरा कागद काढून पुढे केला. कॅप्टन म्हणाले, "छे, असं चिटोऱ्यावर नको. नातू लेटरहेडवर टाइप करून देईल. उद्या दुपारी या." अक्कांचा हात कागदासह तसाच पुढे होता. मीच म्हणाले, "अक्का, लेटरहेडवरच बरं. वजन पडतं." त्यांनी कागद परत ठेवला.

माझी पहिली चूक ती. दुसरी मी त्याच संध्याकाळी केली.

आमच्या घरचा नियम असा की पत्रक गरम असताना वाटायचं. एका माणसानं तोंडानं कबुली दिली होती. आता त्याला माघार घेता येऊ नये म्हणून लोकांना कळलं पाहिजे, असं मला वाटलं. बाजाराजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी राहून मी पाऊण पान लिहिलं. 'चार तासांची चोरी!' असा मथळा. खाली: 'खोटी नोंद हा गुन्हा आहे. एका नामवंत कॅप्टननं तो कबूल केला आहे. ट्रस्टनं जाब द्यावा.' नाव नाही घातलं. नाव न घालून मी अक्कांना दिलेला शब्द पाळते आहे असं मला खरंच वाटत होतं. माझी शाळेतली मैत्रीण रेणुका इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करते. तिला फोटो पाठवला, आपल्या मराठी मुलामुलींच्या ग्रुपवर टाक म्हटलं.

तासाभरात तिचा फोन. "वैजू, सॉलिड झालंय गं! मी इंग्लिश पण करून टाकलं. माझी टीम लीड त्या 'द रनवे'मध्येच राहते, तिनं त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड केलंय. लोक जाम चिडलेत!"

मला आनंद झाला. हे लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी रखवालदारानं आम्हाला आत सोडलं नाही. कॅप्टनचा नातू दाराशी आला. तिशीतला, नम्र. विमान चालवायचं शिक्षण देणारी त्याची संस्था आहे. त्यानं फोन पुढे केला. त्यात माझं पत्रक होतं.

"आजी, तुम्ही कधीही या. पण हे काय आहे? चोरी? गुन्हा?"

अक्कांनी फोन लांब धरून सगळं वाचलं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

"मी काल टाइप करायला घेतलं होतं," नातू म्हणाला. "खोटं नाही सांगत. आता आजोबांनी सही केली तर तो गुन्ह्याचा कबुलीजबाब होईल. माझ्याकडे पोरं तासांच्या नोंदी करायला शिकतात. उद्या त्यांचे आईवडील मला काय विचारतील? सॉरी. आय ॲम रिअली सॉरी."

"तुमचे आजोबा खरं बोलायला तयार होते!" मी ओरडले. "तुम्ही आडवे येताय!"

"काल तयार होते," तो म्हणाला. "काल तुम्ही त्यांना चोर म्हटलं नव्हतं."

परतीच्या बसमध्ये अक्का खिडकीशी बसल्या. बरंच अंतर गेल्यावर म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं होतं गं?"

"अक्का, अन्याय झाल्यावर गप्प बसायचं?"

"अन्याय माझ्यावर झाला. साठ वर्सं मी तो सांभाळला. तू दोन दिसांत त्याचा फलक केलास." मी बोलायला तोंड उघडलं. "सुम्ने बस. मला आवाज नको होता. सही पायजे होती."

त्या शून्याच्या तिकिटावर मी बोटं फिरवत राहिले. मला रडू येत होतं आणि रडण्याचा हक्क माझा नव्हता.

रविवार

सत्काराला जाऊ नका असं मी अक्कांना सांगून बघितलं. बहिष्कार टाकू, बाहेर उभं राहू. "बाहेर मी साठ वर्सं उभी हाय," त्या म्हणाल्या, आणि मोरपिशी रेशमी साडी नेसून तयार झाल्या.

सभागृहात दीडदोनशे माणसं. इडली, केशरीभात, फिल्टर कॉफी. तिथे सभेआधी जेवण होतं, आपल्याकडे नंतर. आपल्याकडे माणसं जेवणासाठी भाषणं ऐकतात, तिथे पोटभर खाऊन भाषणात पेंगतात. पहिल्या रांगेत कॅप्टन, शेजारी नातू. पाटीवर मखमली कापड.

शाल झाली, हार झाला. सेक्रेटरीनं इंग्रजीत अक्कांचं कौतुक केलं आणि दोन शब्द बोला म्हणाला. अक्का माइकपाशी गेल्या. त्यांनी आभार मानले नाहीत. एखादा वैमानिक उतरल्यावर खबर देतो तसं त्या मराठीत बोलू लागल्या. समोर बहुतेक सगळी जुनी मराठी घरंच होती.

"बंगळूरहून दुपारी पावणेबाराला निघाले. दिशा तीनशे चाळीस. उंची साडेचार हजार फूट. वारा डावीकडून. बळ्ळारीला दोनला उतरले. पेट्रोल घेतलं, परत निघाले. विमानात मी एकटी होते."

टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी "वा अक्का" म्हणालं. सेक्रेटरी घाईनं पुढे आला. "आणि त्या ऐतिहासिक प्रवासात ज्यांनी त्यांना मार्गदर्शन केलं ते गुरू आज आपल्यात आहेत!" सगळे उभे राहिले. नातवानं कॅप्टनना हात देऊन मंचावर आणलं. माइक त्यांच्या तोंडाशी धरला गेला. एक वाक्य बोलले असते तर सगळं झालं असतं.

"सुभद्रा चांगली विद्यार्थिनी होती," कॅप्टन म्हणाले.

अक्का त्यांच्याजवळ गेल्या. शाल खांद्यावर नीट करत त्यांनी विचारलं, "सर, वाटेत पावगडचा डोंगर लागतो. जाताना आपण त्याच्या कुठल्या बाजूनं गेलो?"

कॅप्टन गोंधळले. मग शिक्षकी आवाजात म्हणाले, "डावीकडून. नेहमी डावीकडूनच जायचं, उजवीकडे कडा आहे."

"त्या दिवशी पावगडवर ढग होते, सर. मी डोंगर बघितलाच न्हाई. हिंदूपूरहून रेल्वेचा रूळ धरला, अनंतपूर, गुंतकल करून वळसा घालून गेले. म्हणून जाताना जास्त वेळ लागला." त्या थांबल्या. "तुम्ही असता तर तुमाला ठावं असतं."

हे सगळं माइकवरून सभागृहभर ऐकू गेलं. पुरावा यापेक्षा काय असतो? मी उठून उभी राहिले. आता लोक बोलतील असं मला वाटलं.

लोक हसले. प्रेमानं हसले. म्हाताऱ्या गुरूची आठवण चुकली, म्हातारी शिष्या अजून तल्लख आहे, किती गोड जोडी, असं त्यांच्या चेहऱ्यांवर होतं. सेक्रेटरीही हसला. "एज इज जस्ट अ नंबर!" एकटे कॅप्टन हसत नव्हते. त्यांनी अक्कांकडे बघितलं, खिशातल्या पेनाकडे त्यांचा हात गेलासा मला वाटला. तेवढ्यात नातवानं त्यांचा दंड धरला आणि त्यांना जपून खाली नेलं. मखमल बाजूला झाली. पहिली विद्यार्थिनी आणि आदरणीय शिक्षिका. पितळ छान चकाकत होतं.

यशवंतपूर, सोमवार

निघायच्या दिवशी सकाळी अक्कांनी वही खिडकीपाशी उजेडात ठेवली. चष्मा पुसला. मला वाटलं त्या ते पान फाडणार. मी फाडलं असतं.

"वहीत खाडाखोड करायची न्हाई," त्या म्हणाल्या. "चुकलं तर एकच रेघ मारायची. खालचं वाचता आलं पायजे. पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचे मी."

त्यांनी पट्टी घेतली आणि 'शिक्षक' या शब्दावर एक बारीक, सरळ रेघ ओढली. तिच्या वर लिहिलं: एकटी. शेजारी आपली आद्याक्षरं घातली. मग शेवटच्या रकान्यात, कॅप्टनच्या जुन्या सहीखालच्या जागेपाशी पेन थांबलं. दुरुस्तीला शिक्षकाची नवी सही लागते.

मी म्हणाले, "मी करते, अक्का. साक्षीदार म्हणून. मी सगळं ऐकलंय, बघितलंय." पेनासाठी मी हात पुढे केला.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. राग नव्हता त्यात. मला वाटतं, राग असता तर बरं झालं असतं.

"तू नको," त्या म्हणाल्या. "तिथं विमान उडवणाऱ्याचीच सही चालते."

ती जागा कोरी ठेवून त्यांनी शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली, आणि आत जाऊन माझ्यासाठी गाडीत खायला चित्रान्न बांधू लागल्या.